घटपर्णीची कुंडी व तिची माती

झाडास माती लागते हें कोणास सांगावयास नको. माती जितकी कसदार तितकें झाड जोमदार, हाहि आपल्या शेतकरी घरांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. गोंदिया जिल्ह्यांतील मुलास तर हें विशेष ठाऊक असतें. कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी हीं आपल्याकडील जमिनींचीं नांवें तो लहानपणापासून ऐकत असतो, व कोणत्या बांधींत धान चांगलें येईल हें शहरांतील पदवीधरापेक्षां अधिक अचूक सांगूं शकतो. परंतु सृष्टींत अशाहि कांहीं वनस्पति आहेत कीं, ज्यांस कसदार माती म्हणजे विषच होय. घटपर्णी ही त्यांपैकीं एक.

अलीकडे ही वनस्पति रोपवाटिकांतून विकत मिळूं लागली आहे, व कीटक खाणारें झाड म्हणून मुलांस तिचें मोठें कुतूहल वाटतें. घरीं आणलेलें रोप बहुधा मोठ्या प्रेमानें शेणखत मिसळलेल्या काळ्या मातींत लावलें जातें, रोज विहिरीचें पाणी मिळतें, आणि थोड्याच आठवड्यांत घट वाळून व मुळें कुजून तें मरतें. पालकांचा पैसा जातो, मुलाचा हिरमोड होतो, व "आपल्या हवेंत हें झाड जगत नाहीं" असा निकाल दिला जातो. हवा आपली कडक आहे ही गोष्ट खरी. परंतु पुष्कळदां हवेच्या आधीं मातीच रोपाचा जीव घेते. म्हणून घटपर्णीस माती कशी असावी, ती आपल्याच जिल्ह्यांतील पदार्थांपासून कशी तयार करावी, आणि तिची परीक्षा कशी घ्यावी, हें आम्ही ह्या लेखांत क्रमानें सांगतों.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. घटपर्णीच्या पानाचें टोंक तारेसारखें लांब वाढून खालीं लोंबतें व त्याच्या शेवटीं एक घट तयार होतो. पुष्कळांस हा घट म्हणजे फूल वाटतें. परंतु तो पानाचाच भाग होय. घटाच्या तोंडावर झांकण असतें. तें कीटक आंत पडतांच मिटतें असा समज आहे, तो चुकीचा आहे. एकदां उघडलेलें झांकण उघडेंच राहतें, आणि पावसाचें पाणी आंत फार पडूं नये एवढें काम करतें. घटाच्या कांठावर गोड रस पाझरतो. त्याच्या लोभानें मुंग्या व माशा येतात. कांठ ओला असला म्हणजे तो इतका निसरडा होतो कीं, त्यांचे पाय टिकत नाहींत व त्या आंतील द्रवांत पडतात. आपल्या जठरांत असतात तसे पाचक रस त्या द्रवांत असतात. कीटकाचें शरीर त्यांत विरघळतें, आणि त्यांतील नत्र व स्फुरद हीं द्रव्यें वनस्पति शोषून घेते. इतर झाडें जें अन्न मुळांनीं मातींतून घेतात, त्यांतील मोठा वांटा ही वनस्पति पानांनीं हवेंतून पकडते, असें म्हटलें तरी चालेल.

ह्या वनस्पतीच्या दीडशेंहून अधिक जाति आहेत. बोर्निओ, सुमात्रा व फिलिपीन्स ह्या बेटांत त्यांची दाटी आहे. पश्चिमेस श्रीलंका, सेशेल्स व मादागास्करपर्यंत त्या तुरळक आढळतात. भारतांत रानटी स्थितींत एकच जाति आहे, व ती मेघालयांतील गारो, खासी व जयंतिया टेंकड्यांत वाढते. जोसेफ हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८७३ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें व खासी टेंकड्यांवरून तिला नेपेंथिस खासियाना हें नांव दिलें. पुढल्याच वर्षीं बेलफास्ट येथें भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेंत, घटांतील द्रव मांसाचें पचन करतो, हें आपल्या प्रयोगांच्या आधारें त्यानें मांडलें. १८७५ सालीं त्याचा मित्र चार्लस डार्विन ह्याचा कीटकभक्षक वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्या ग्रंथाचा फार मोठा भाग दवबिंदू नांवाच्या एका चिमुकल्या वनस्पतीवरील प्रयोगांनीं भरलेला आहे.

ह्या दवबिंदूच्या जाति आपल्या पूर्व विदर्भांतहि आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत बांधींच्या कडेला, ओलसर रेताड जागीं व विरळ गवतांत रुपयाएवढी तांबूस चक्री जमिनीस चिकटून बसलेली दिसते. तिच्या पानांवरील केसांच्या टोंकांस चिकट थेंब चकाकत असतात व त्यांत बारीक किडे अडकलेले असतात. तळ्यांत व बोड्यांत तरंगणारी गेळ्याची वनस्पति हीहि त्याच पंथाची; ती पाण्यांतील सूक्ष्म जीव आपल्या फुग्यांत ओढून घेते. विद्यार्थ्यांनीं ह्या वनस्पति उपटूं नयेत, परंतु दवबिंदू जेथें आढळेल ती जागा नीट निरखून पाहावी. तेथें धान जोमानें येत नाहीं. तणहि उंच वाढत नाहीं. माती निकस आहे म्हणूनच मोठीं झाडें तेथें दाटी करीत नाहींत, व ह्या बुटक्या वनस्पतीस ऊन मिळतें. जी जमीन इतरांनीं टाकून दिली, तींतच ह्या वनस्पतीनें आपला संसार थाटला आहे.

येथपर्यंत दवबिंदू व घटपर्णी ह्यांचा स्वभाव सारखा आहे. परंतु पुढें एक महत्त्वाचा भेद आहे, व तो ध्यानांत न ठेवल्यामुळें पुष्कळ रोपें मरतात. दवबिंदूस पाण्यानें चिंब झालेली जमीन चालते. घटपर्णीस चालत नाहीं. मेघालयांतील घटपर्णी बहुधा डोंगरउतारावर, झुडपांच्या आधारानें वाढते. त्या प्रदेशांतील चेरापुंजीस वर्षाकांठीं सुमारें ११,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यांत तो सुमारें १,३०० मिलिमीटर पडतो. एवढ्या पावसानें उतारावरील मातींतील क्षार व चुना धुवून जातो, व माती निकस आणि किंचित् आंबट होते. पाणी तेथें सतत येतें, परंतु सांचून राहत नाहीं. तें मुळांजवळून वाहून जातें व त्याच्या मागोमाग हवा आंत शिरते. म्हणजे घटपर्णीच्या मातीचे चार गुण झाले: ती निकस असावी, मोकळी असावी, ओलसर असावी, आणि तींत चुना नसावा.

आतां आपल्या बांधीकडे पाहा. रोवणीपूर्वीं शेतकरी चिखलणी करतो. नांगर व फण फिरवून तो मातीचे कण इतके बारीक करतो कीं, सर्व छिद्रें बुजून जावींत व पाणी खालीं झिरपूं नये. धानाच्या मुळांस हवा देठांतील पोकळ्यांतून पोंचते, म्हणून त्या चिखलांतहि तीं जगतात. घटपर्णीच्या मुळांस ही सोय नाहीं. तीं बारीक, काळीं व ठिसूळ असतात. हवा कोंडली कीं कुजतात. तात्पर्य, धानासाठीं जें आपण मुद्दाम करतों, त्याच्या नेमकें उलट घटपर्णीसाठीं करावयाचें आहे.

खताविषयींहि असेंच आहे. मातींत क्षार वाढले म्हणजे मुळांस पाणी ओढून घेणें जड जातें, व क्षार फारच झाले तर उलट मुळांतीलच पाणी बाहेर जातें. इतर झाडें थोडेफार क्षार सहन करतात. निकस जमिनींत वाढणारी ही नाजूक मुळें करीत नाहींत. शेणखत कुजतांना मातींतील हवा खर्च होते, हें दुसरें संकट. आणि रोप जगलें तरी, मातींतच नत्र मुबलक मिळाल्यावर घट तयार करण्याचें कारण त्यास उरत नाहीं. पानें मोठीं होतात, परंतु घट कमी लागतात. "अति तेथें माती" ही म्हण आपण नेहमीं वापरतों; येथें ती अक्षरशः खरी ठरते.

आतां मिश्रणाच्या पदार्थांचा एकेक विचार करूं. कन्हार माती प्रथमच बाजूस ठेवावी. ती ओली झाली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे भेगाळते, व तींत पुष्कळदां चुन्याचे खडे असतात. बागेंतील माती व कुजलेल्या पालापाचोळ्याचें खत हींहि ह्याच कारणांनीं वर्ज्य समजावीं.

मिश्रणाचा मुख्य भाग नारळाच्या सोडणाचा असावा. शहाळीं विकणाऱ्यांकडे व देवळांजवळ सोडणें सहज मिळतात. त्यांचे हरभऱ्यापासून बोरापर्यंतच्या आकाराचे तुकडे करावे. हे तुकडे पाणी धरून ठेवतात व त्यांच्यामधून हवा खेळते. परंतु सोडणांत मूळचेच कांहीं क्षार असतात. शिवाय बाजारांत मिळणारा काथ्याचा भुसा पुष्कळदां समुद्रकांठीं खाऱ्या पाण्यांत मुरविलेल्या सोडणांचा असतो. म्हणून तुकडे असोत अगर भुसा असो, तो एक दिवस पाण्यांत भिजवून तें तांबडें पाणी ओतून द्यावें, व पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हें तीनचार वेळां करावें. ह्या एका कामाचा कंटाळा केल्यास पुढील सर्व श्रम फुकट जातात.

दुसरा पदार्थ आपल्या जिल्ह्याचा खास आहे. गोंदियाच्या धानाच्या गिरण्यांत तुसाचे ढीग पडलेले असतात. कच्चें तूस कुंडींत घातल्यास तें कुजतें व मिश्रण दाबून बसतें. तेंच तूस कमी हवेंत जाळून काळें केलें म्हणजे हलकें, सच्छिद्र व न कुजणारें होतें. तूस काळें असावें, पांढरें नसावें. पांढरी राख चुन्याप्रमाणेंच आंबटपणा मारते व बारीक असल्यामुळें छिद्रें बुजविते. गिरणीच्या भट्टींतून निघणारी राख म्हणूनच उपयोगाची नाहीं. काळें तूसहि चाळणींत घेऊन भरपूर पाण्यानें धुवावें. मुलांनीं तूस जाळण्याचें काम वडील माणसांवांचून करूं नये.

तिसरा पदार्थ लांकडी कोळसा. त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे मिश्रण मोकळें ठेवतात व वर्षानुवर्षें कुजत नाहींत. चौथा पदार्थ जाड वाळू किंवा पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे. वैनगंगेची जाड वाळू चालेल. परंतु ती धुवून, बारीक गाळ काढून टाकून घ्यावी. जुन्या भिंतीच्या विटा घेऊं नयेत, कारण त्यांस चुना अगर सिमेंट चिकटलेलें असतें. शंका असल्यास एक सोपी परीक्षा आहे: वाळूवर किंवा विटेच्या चुऱ्यावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर तींत चुना आहे असें समजून ती टाकून द्यावी.

पुस्तकांत स्फॅग्नम नांवाचें शेवाळ व पीट ह्यांची शिफारस केलेली आढळते. दोन्ही उत्तम आहेत. परंतु पीट हें थंड प्रदेशांतील दलदलींत हजारों वर्षें सांचत आलेलें द्रव्य आहे. तें एकदां खणलें कीं लवकर भरून येत नाहीं. आपलें काम सोडणानें भागत असतां त्याची हांव धरूं नये. वाळलेलें स्फॅग्नम मिळाल्यास मूठभर कुंडीच्या वरच्या थरास घालावें. उन्हाळ्यांत ओल टिकते.

प्रमाण असें ठेवावें: मापानें सोडणाचे तुकडे तीन भाग, धुतलेलें काळें तूस एक भाग, कोळसा एक भाग, आणि वाळू किंवा विटेचे तुकडे एक भाग. हें प्रमाण म्हणजे कांहीं अढळ नियम नव्हे. हात लावल्यावर मिश्रण लवकर वाळतें असें दिसलें तर तूस किंचित् वाढवावें. फार ओलें राहतें असें दिसलें तर कोळसा वाढवावा. घटक कोणते ह्यापेक्षां गुण कोणते ह्यावर नजर ठेवावी.

गुण पाहण्याच्या दोन परीक्षा आहेत. भिजलेलें मिश्रण मुठींत घट्ट दाबावें. पाण्याचे कांहीं थेंब गळावे, व मूठ उघडतांच गोळा न राहतां मिश्रण सुटें व्हावें. गोळा तसाच राहिला तर तें फार बारीक आहे. दुसरी परीक्षा शाळेंतहि करतां येईल. खालीं छिद्रें पाडलेले तीन सारखे डबे घ्यावे. एकांत कन्हार, दुसऱ्यांत बागेची माती व तिसऱ्यांत आपलें मिश्रण भरावें. प्रत्येकांत एक पेला पाणी ओतून, तें खालून पडूं लागण्यास किती वेळ लागतो व किती पाणी बाहेर येतें हें वहींत मांडावें. तिसऱ्या डब्यांतून पाणी कांहीं क्षणांतच वाहूं लागलें पाहिजे. नंतर तिन्ही डबे दोन दिवस सांवलींत ठेवून सकाळ-संध्याकाळ तोलावे, म्हणजे कोणती माती ओल किती वेळ धरते हेंहि कळेल. महागडें रोप आणण्याच्या आधीं हा प्रयोग करावा. त्यास पैसा लागत नाहीं, आणि चूक झाली तरी जीव जात नाहीं.

मिश्रण कितीहि उत्तम असलें तरी पाणी चुकलें तर तें बिघडतें. ज्या विहिरीच्या पाण्यानें भांड्यांत पांढरी खपली धरते, त्या पाण्यांत चुना व इतर क्षार आहेत असें समजावें. असें पाणी रोज घातल्यानें कुंडींत क्षार सांचत जातात. पावसाचें पाणी सर्वांत चांगलें. मृगाचे पहिले पाऊस होऊन कौलें धुतलीं गेलीं म्हणजे पन्हळीचें पाणी पिंपांत सांठवावें, व डांस होऊं नयेत म्हणून पिंपास कापड घट्ट बांधावें. हल्लीं पुष्कळ घरीं आर. ओ. यंत्र असतें. त्यांतून मिळणारें पिण्याचें पाणी चालतें. परंतु दुसऱ्या नळींतून बाहेर टाकलें जाणारें पाणी मुळींच घालूं नये, कारण काढलेले सर्व क्षार त्यांतच असतात. पाणी वरून घालावें, खालून वाहून जाऊं द्यावें, आणि कुंडी पाण्याच्या बशींत बुडवून ठेवूं नये.

आमच्या जिल्ह्याचा वैशाख ही ह्या वनस्पतीची खरी कसोटी. पारा ४३ अंशांवर जातो व हवा कोरडी होते. अशा वेळीं मातीची कुंडी चोहोंकडून वाळते, म्हणून रोप प्लॅस्टिकच्या कुंडींत लावावें. ती कुंडी, तळाशीं छिद्र असलेल्या मोठ्या मातीच्या कुंडींत विटेच्या तुकड्यावर ठेवून, दोहोंमधील जागेंत वाळू भरावी व ती भिजवीत राहावें. माठांतील पाणी ज्या कारणानें थंड होतें, त्याच कारणानें मुळेंहि थंड राहतात. जागा अशी असावी कीं, सकाळचें कोंवळें ऊन मिळेल, दुपारीं आंब्याची अगर जाळीची सांवली असेल, आणि लू अंगावर येणार नाहीं. हवा फार कोरडी झाल्यास जुने घट वाळतात. तेवढ्यानें निराश होऊं नये. नवीन पान येत आहे तोंवर रोप जिवंत व सुखी आहे. दोनएक वर्षांनीं सोडण कुजून बारीक होतें. तेव्हां पावसाळ्याच्या आरंभीं, मुळें न झटकतां, नवें मिश्रण द्यावें. घटांत भाताचीं शितें किंवा मांसाचे तुकडे मात्र घालूं नयेत. तीं सडतात व घट फुकट जातो. मुंग्या आपल्या पायांनीं येतील तेवढ्या पुरे.

शेवटीं पालकांस एक विनंती. मेघालयांतील घटपर्णी हौशी लोकांसाठीं व व्यापारासाठीं उपटली गेल्यामुळें, व तिचीं रानें तुटल्यामुळें, दुर्मिळ झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला संरक्षण दिलें असून, रानांतून ती काढण्यास मनाई आहे व परवान्यावांचून तिची लागवड वा विक्रीहि करतां येत नाहीं. गारो टेंकड्यांतील बाघमारा येथें तिच्यासाठीं राखीव स्थान आहे. म्हणून घरासाठीं रोपवाटिकेंत वाढविलेली संकरित जातिच घ्यावी. फिलिपीन्समधील दोन जातींच्या संकरापासून झालेली व्हेंट्राटा ही जाति काटक आहे, व नवशिक्यास तीच बरी. "रानांतून आणलेलें" असें जो विक्रेता अभिमानानें सांगेल, त्याच्याकडून कांहींच घेऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, "ही माती चांगली का?" असें विचारण्यापूर्वीं "कोणासाठीं?" हें विचारण्याची संवय लावून घ्या. कन्हार, सिहार, वाळू, तूस ह्यांपैकीं कोणतीच वस्तु मुळांत वाईट नाहीं. ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. ज्या प्रेमानें आपण धानास खत घालतों, त्याच प्रेमानें घटपर्णीचें खत आवरावें लागतें. जिची सेवा करावयाची तिचें मूळ घर कसें आहे, तेथें पाणी कसें वाहतें, मातींत काय आहे व काय नाहीं, हें आधीं पाहावें, आणि मगच मूठभर मिश्रण हातांत घ्यावें. एवढें केलें तर गोंदियाच्या उन्हांतहि पुढल्या पावसाळ्यांत तुमच्या कुंडींतील एखाद्या पानाचें टोंक फुगूं लागेल, आणि तो पहिला घट उघडण्याची वाट घरांतील सर्वच जण पाहूं लागतील.